कडेची यंत्रं

एका इमारतीत शेकडो बिनतारी यंत्रं एकदम बोलू लागली, तर कुणी आधी बोलायचं आणि कुणी थांबायचं, हे ठरवण्याची एक पद्धत मॅडमनी शोधली होती. विद्यापीठातली उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. घरी मात्र ही पद्धत लागू नाही, इथे हिचीच पाळी असते, असं नवरा गमतीनं म्हणे. आता यंत्रांचे सामाईक नियम ठरवणाऱ्या समितीपुढे ती पद्धत गेली होती आणि मंजुरी जवळपास पदरात पडल्यासारखीच होती. मॅडमची बढतीही त्यावरच अडून होती.

शेवटची चाचणी त्यांच्या विद्यार्थिनीनं एका रुग्णालयात घेतली. सतत कामात बुडालेली, अबोल मुलगी. प्रयोगशाळेत सगळे तिला मुंगी म्हणत. आकडे छान आले होते. पण मॅडमनी प्रत्येक यंत्राची आकडेवारी वेगळी काढायला लावली, तेव्हा टोकाच्या वॉर्डातली काही यंत्रं गप्पच दिसली. त्यांचा सिग्नल क्षीण, म्हणून पाळी मागे ढकलली जाई, आणि गर्दी वाढली की ती येतच नसे. त्यातलं एक यंत्र रुग्णाच्या छातीवर होतं, हृदयाचे ठोके कळवणारं. शेजारी नर्स बसलेली होती, म्हणून निभावलं.

मुंगी खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. सरासरी तर उत्तम आहे, समिती तेवढंच विचारते, असं ती चाचरत म्हणाली. तिचा सगळा प्रबंध याच पद्धतीवर उभा होता.

"ती सरासरी त्या माणसाच्या काय कामाची?" मॅडम म्हणाल्या.

दोघींनी काही महिने डागडुजी करून पाहिली. एक भोक बुजवावं तर दुसरं पडे. शेवटी समितीच्या बैठकीत मॅडमनी स्वतःच ते आकडे पडद्यावर दाखवले आणि प्रस्ताव मागे घेतला. सभागृहात कुजबुज झाली. समितीपुढे दुसरी पद्धत मांडणाऱ्या गटाचा प्रमुख त्यांचा जुना वर्गमित्र होता. चहाच्या वेळी तो त्यांच्यासाठी कप भरून घेऊन आला. त्याची पद्धत धिमी होती, पण कुणालाच ताटकळत ठेवत नव्हती. मॅडमनी तिलाच मत दिलं.

घरी येऊन त्या चपला न काढताच पलंगावर बसल्या. नवऱ्यानं पाण्याचा पेला हातात दिला आणि शेजारी बसून राहिला.

बढती हुकली ती हुकलीच. मुंगी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. बरोबरीचे सगळे नोकरीला लागले आणि ही पुन्हा पहिल्यापासून प्रबंधाची मांडणी करत बसली: अशी पद्धत कुठे मोडते आणि का. मॅडम रोज तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसत. राग कधी ओसरला, ते दोघींनाही कळलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ही फसलेली पद्धत मुळात कुणाची? मागच्या रांगेत मॅडमनी मान खाली घातली.

"आमची," मुंगी म्हणाली, आणि तिनं पुढची आकृती पडद्यावर घेतली.