मुहूर्ताचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी विजेची मोटर आहे. निजामाच्या राजवटीत परभणीच्या एका जिनिंग कारखान्यात, म्हणजे कापसातून सरकी काढतात तिथं, मी विहिरीवरचा पंप चालवत असे. कापसाच्या कारखान्याला आगीची धास्ती कायमची. वेळ आलीच तर आग विझवायच्या नळीला पाणी पुरवणं, हे माझं खरं काम.

मालक आबासाहेबांना थोरली, दिमाखदार मोटर हवी होती. भुजंग मिस्त्रींनी मात्र विहिरीची खोली आणि पंपाची गरज बघून मला निवडलं. "कामापुरतं बळ बास हाय, मालक. थोरली नुसती वीज खात बसंल," ते म्हणाले. मालकांनाही ते पटलं.

मिस्त्रींची माझ्यावर फार माया. रोज माझ्या जाळीत अडकलेली रुई काढत, बेअरिंग तापलं का बघत, पट्ट्याचा ताण तपासत. असा माणूस लाभायला नशीब लागतं.

पण हंगामाच्या मुहूर्ताला ही माया जरा उतू गेली. यंत्रांची पूजा झाली, मला झेंडूचा हार घातला. तेवढ्यानं मिस्त्रींचं समाधान होईना. मला पंपाशी जोडणारा चामडी पट्टा त्यांनी गोड्या तेलानं चोळून लखलखीत केला. मी मनात म्हटलं, आता झाली पंचाईत! पण माझं ऐकतो कोण?

दुपारी जिनिंग सुरू झालं. कापसातला खडा यंत्रावर घासला, ठिणगी उडाली आणि दाराजवळच्या ढिगानं पेट घेतला. शेजारीच पेडगावच्या तानुबाईंची बैलगाडी उभी होती. त्यांचं वर्षभराचं पीक तिच्यात होतं.

मी जीव तोडून फिरले. पट्टा मात्र तेलावर घसरत राहिला. नळी कोरडीच.

"पट्टा घसरायलाय! मीच तेल लावलं की हो!" मिस्त्री ओरडले.

तानुबाई प्रसादाची कढई घासायला मदत करत होत्या. राखेची पाटी उचलून त्या धावल्या. "मोटर थांबवा, मिस्तरी! तेलकट भांडं राखंनंच निघतंय, हे बी निघंल!"

मिस्त्रींनी मला थांबवलं. दोघांनी राख चोळून, फडक्यानं पुसून पट्टा कोरडा केला. मी पुन्हा फिरले, पंप घरघरला आणि नळीतून पाण्याचा लोट सुटला. ढीग गेला, गाडी वाचली.

"मावशी, माझ्या हातानं तुमचं पीक जायलं होतं," मिस्त्री म्हणाले.

"हात मायेचाच हुता. पण मोटरला काय सोसतंय ते बघून माया करावी, बाबा," म्हणत तानुबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दोघांना बघून मला फार भरून आलं.

मित्रांनो, यंत्राला हार खुशाल घाला. पण त्याला काय हवं, काय नको, हे आधी ओळखा. आम्हाला तोंड नाही. आणि आमच्या भरवशावर कुणाची तरी भरलेली गाडी उभी असते.