डाव्या गालावरचा तीळ

मी बोलतोय तो दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून. तळहाताएवढा आरसा आहे मी. पत्र्याची चौकट, मागे टेकायला तारेचा पाय, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. सकाळी एक म्हातारा चेहरा माझ्यासमोर साबण लावून बसतो, म्हणून घरात सगळे मला दाढीचा आरसा समजतात. पण मला दाढीसाठी आणलं नव्हतं.

चाळीसेक वर्षांपूर्वी सदानंदांनी मला भुलेश्वरच्या एका दुकानातून घेतलं. ते मुलांच्या कॉमिक पुस्तकांची चित्रं काढायचे. राग, भीती, कपट, जो भाव हवा तो आधी माझ्यात बघून स्वतःच्या चेहऱ्यावर आणायचे आणि मग कागदावर उतरवायचे. किती राक्षस त्यांनी स्वतःच्याच दातांवरून काढले, ते मीच जाणतो. पुस्तकावर नाव मात्र फक्त प्रकाशकाचं असायचं. चित्रकाराचं नाव छापायची तिथे पद्धतच नव्हती, आणि सदानंदांनी कधी मागितलं नाही.

राण्या आणि राजकन्या अडायच्या. सरोजबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, समोर बसायला तयार नसायच्या. "इश्श, मला नाही जमायचं ते नटून बसायचं." मग सदानंद मला टेबलावर जरा तिरका ठेवायचे. त्यांच्या पाठीमागे सरोजबाई भाजी निवडत, तांदूळ पाखडत बसलेल्या असायच्या. त्यांना वाटायचं, नवरा काम करतोय. नवरा माझ्यात बघून त्यांनाच काढत असायचा.

एका पावसाळी संध्याकाळी त्या भज्यांसाठी कांदा चिरत होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सदानंदांना नेमकी रडणारी राणी हवी होती. त्यांनी भराभर पेन्सिल चालवली. काढून झालं, तशा पाठीमागून सरोजबाई म्हणाल्या, "झालं का चोरून बघून? आता भजी खा." त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

पुढे सरोजबाई गेल्या. मुलगी नमिता आणि जावई धवल कतारला स्थिरावले होते, त्यांनी सदानंदांना बोलावून घेतलं. घर आवरताना जुनी पुस्तकं रद्दीत गेली. त्यांच्यावर नाव नव्हतं, म्हणून ती ठेवून घ्यावीत असं कुणाला वाटलंही नाही. मी तेवढा दाढीच्या सामानातून विमानात बसून आलो.

गेल्या हिवाळ्यात नातीने, ईराने, शाळेच्या सहलीत एका कलादालनात काढलेला एका चित्राचा फोटो दाखवला. "आजोबा, लुक! धिस लेडी इज सो सॅड."

सदानंदांच्या गालावरचा साबण वाळून गेला, तरी त्यांनी वस्तरा उचलला नाही. "ही तुझी आजी आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी सगळे ते कलादालन बघायला निघाले. "यल्ला बाबा, चला लवकर, नंतर पार्किंग मिळत नाही," धवल दारातून म्हणाला आणि जिन्यात हळूच पुस्ती जोडली, "तिथे वाद नको हं. परका मुलूख आहे." सदानंदांनी कुणाला न सांगता मला सदऱ्याच्या खिशात टाकलं, माझा एक कोपरा बाहेर डोकावत होता.

चित्र भिंतभर होतं. अश्रू ताटाएवढे, स्वस्त छपाईचे ठिपके नाण्याएवढे केलेले. शेजारच्या पाटीवर एका परदेशी चित्रकाराचं नाव होतं. नमिताने खालची ओळ वाचली, "जुन्या भारतीय कॉमिकमधील अज्ञात चित्रकाराच्या चित्रावरून. भारतीय स्त्रीचं मूक दुःख."

"दुःख कसलं? कांदा चिरत होती," सदानंद म्हणाले. मग पाटीकडे बोट केलं. "आणि अज्ञात म्हणे! मी इथे उभा आहे की."

मराठी ऐकून दालनात काम करणारी एक मुलगी जवळ आली. "काका, मी नफिसा. रत्नागिरीची. काय झालं?"

"बेटा, मला पैसे नकोत. तिथे अज्ञात लिहिलंय, तेवढं खोडून सदानंद लिहा. बाकी सगळं राहू दे."

नफिसा पाटी पुन्हा वाचू लागली. तेवढ्यात नमिताच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आईचा तीळ डाव्या गालावर होता. हिचा उजव्या गालावर आहे."

पोटची मुलगीच म्हणत होती की तुम्ही चुकताय. त्यांनी मला बाहेर काढलं, चित्राकडे पाठ केली आणि मला डोळ्यांसमोर धरलं. "नमू, इकडे ये. माझ्या खांद्यावरून बघ."

मी माझं नेहमीचंच काम केलं. डावं उजवं केलं, उजवं डावं. चाळीस वर्षांपूर्वी मीच उलटवलेला चेहरा माझ्यात पुन्हा सुलट झाला. तीळ डाव्या गालावर आला.

"आई," नमिता म्हणाली, आणि तिने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. नफिसाही वाकून बघत होती. "या अल्ला," एवढंच तिच्या तोंडून आलं.

नमिताने दालनाला ईमेल केला, आईचा फोटो जोडला. आरशाची हकीकत लिहिली, नफिसाने साक्ष दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापील पुस्तकात चित्रकाराचं नाव कुठेच नाही. फोटोतल्या बाईचा तीळ दुसऱ्या गालावर आहे, तेव्हा साम्य योगायोगाचं असावं. आरसा हा पुरावा धरता येत नाही. पाटी आहे तशीच राहील.

त्यांचंही खरंच आहे. मी सगळं पाहिलं, पण माझ्यात काहीच राहत नाही. समोरून माणूस हलला की मी रिकामा. माझ्यासारखा साक्षीदार असून नसून सारखा.

प्रदर्शन संपलं. चित्र पेटीत बंद होऊन दुसऱ्या देशी गेलं. तिथेही पाटीवर तेच लिहिलेलं असेल.

आता माझा पारा जागोजागी उडालाय. सदानंद दाढी दोन-दोन दिवस करत नाहीत. पण सकाळी मला खिडकीत जरा तिरका ठेवतात आणि पाठीमागे स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून मांडतात. ईराने एकदा विचारलं, "आजोबा, हू इज दॅट फॉर?" त्यांनी खुर्ची जरा उजेडाकडे सरकवली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणी चित्रं काढत असेल तर त्याला कोपऱ्यात नाव घालायला सांगा. लाजला तर हात धरून घालायला लावा. आरशाच्या भरवशावर राहू नका.

सदानंदांच्या हातात पेन्सिल असते, कागद कोरा असतो. ते माझ्यात बघतात. मी त्यांना रिकामी खुर्ची दाखवतो. माझ्यासमोर आहे ते तेवढंच.