सागवानी पट्टी

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ठकी, माझी लेक, नऊ वर्षांची असताना शाळेतल्या मास्तरनं तिचा कान असा पिळला की पाळी फाटून फ्रॉकवर रक्त सांडलं. कारण काय, तर धडा वाचता येत नाही. मी हातातलं काम टाकून तशीच गेले, त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड फळ्यावर आपटलं. पुढचा दात खाली पडला. मुख्याध्यापक पोलिसांची भाषा करू लागले, मी त्यांना फाटका कान दाखवला, आणि प्रकरण तिथंच मिटलं. पोरीला घेऊन मी घरी आले आणि सांगितलं, आजपासून शाळा इथंच.

मी सोफे दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीत जुनं कापड फाडायचं, स्प्रिंगा बांधायच्या, नवं कापड ताणून खिळे ठोकायचे. त्याच खोलीत ठकीचा अभ्यास. वाचायला अडणाऱ्या मुलांना तपासणाऱ्या एका बाईंकडे तिला नेलं होतं. त्या म्हणाल्या, पोरगी मठ्ठ नाही, अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत, तर तिला बोटांनी शिकवा. मग आम्ही प्लायवूडच्या फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून अक्षरं केली. ठकी डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायची आणि ओळखायची. दोन महिन्यांत आठ अक्षरं. फक्त आठ! इकडे माझा जीव टांगणीला. घरी शिकणाऱ्या मुलांना वर्षाअखेरीस तपासनीस येऊन वाचायला लावतात. जमलं नाही तर परत शाळा, परत तोच मास्तर.

माझा धीर सुटला. फळी मी फोमच्या थप्पीमागे भिरकावली आणि बारा पुस्तकांचा संच आणला. आधी मी पान मोठ्यानं वाचायचे, मग तिनं. चुकली की कापड मोजायची सागवानी पट्टी तळहातावर. मी मारत नाही, शिकवतेय, असं मी स्वतःलाच बजावायचे. एकदा तिनं हात मागे घेतला तर पट्टी नखावर बसली, नख काळंनिळं होऊन गळून पडलं.

तिचा बाप ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो. त्यानं ते बोट पाहिलं.

"मग त्या मास्तरचा दात कशाला पाडलास?" एवढंच म्हणाला.

माझ्या हातात हातोडी होती, ती मी त्याच्यावर फेकली. त्यानं मान वाकवली म्हणून वाचला. दाराला भोक पडलं, ते अजून तसंच आहे.

पण त्यानंतर ठकी वाचू लागली की! पान समोर ठेवलं की घडाघडा. आलाच ना गुण, असं मी गल्लीभर सांगत सुटले.

तपासनीस बाई आल्या, अर्धवट उसवलेल्या सोफ्यावर टेकल्या आणि तिसरं पुस्तक उघडलं. ठकीनं कोंबडीच्या गोष्टीचं अख्खं पान न अडखळता वाचलं. बाईंनी मान डोलावली, मग एकदम पाच-सहा पानं उलटली आणि म्हणाल्या, आता हे वाच. पानावर जहाजाचं चित्र होतं. ठकीनं ओळीवर बोट ठेवलं आणि कोंबडीची गोष्ट म्हणायला लागली, मघाचं पान संपलं होतं तिथून पुढे. पोरीनं माझं वाचन ऐकून ऐकून बाराही पुस्तकं पाठ केली होती.

माझं डोकं भणाणलं. हात पट्टीकडे गेला. मी ती उचललीही नव्हती, तोवर ठकीनं तळहात पुढे धरला. थरथरू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगटाला खालून आधार दिला.

बाईंनी पुस्तक मिटलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"शाळेतल्या मास्तरांनी," ठकी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. समोर दाराचं भोक होतं. मला माझीच किळस आली.

"खोटं सांगतेय ती. मी मारते तिला."

ठकी उठली. मला वाटलं, पळाली. ती फोमच्या थप्पीमागे शिरली आणि ती खिळ्यांची फळी घेऊन आली. आमच्या आठ अक्षरांखाली आणखी चौदा होती, वेड्यावाकड्या खिळ्यांची. मी माल पोचवायला गेले की पाठ झालेल्या पानांवरून अक्षरं जुळवत ती एकटी ठोकत बसायची. तिनं डोळे मिटून बाविसाच्या बावीस ओळखली आणि वर म्हणाली, मी शिकेन, पण आईकडेच.

तपासनीस बाईंनी सगळं कागदावर घेतलं. तीन महिने दिले. दर आठवड्याला त्या बोटांनी शिकवा म्हणणाऱ्या बाई येणार, ठकीला शिकवणार आणि तिचे हातही पाहणार. एक वळ दिसला तर पोरगी या घरात राहणार नाही.

तपासनीस बाई गेल्यावर मी पट्टी पायाखाली घेऊन मोडायला गेले. मोडेना. हिसका बसून नडगी फुटली, रक्त आलं. शेवटी करवत घेतली आणि बोटबोटभर तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी फळीवर ठकीचं एक अक्षर चुकलं. तिनं डोळे उघडले नाहीत, पण तळहात पुढे केला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तिचा तळहात खाली यायची वाट बघत उभी राहिले.