बेंजोच्या कानात

टिटवाळ्याला भर दुपारी, नवरदेवाच्या घोड्यासमोर उभं राहून सुमितने आपल्या बेंजोची हात जोडून माफी मागितली आणि बेंजोने ती मान्य केली.

असं काही झालेलं नाही. वायर लूज होती. बेंजो पार्टीतल्या अकराच्या अकरा जणांना विचारा, हेच सांगतील. घोड्याला विचारण्यात अर्थ नाही.

तर सुमित कल्याण पूर्वेला राहायचा आणि प्रफुल्लदादाच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. दादा स्वतः ढोलकीवर. या पार्टीची एक रीत होती. नवीन वाद्य आलं की त्याचं बारसं करायचं. नुसता नारळ-अगरबत्ती नाही, खरोखरचं बारसं. पाळणा बांधायचा, वाद्य दुपट्यात गुंडाळून आत ठेवायचं, घुगऱ्या वाटायच्या आणि वाजवणाऱ्याच्या आत्याने वाकून वाद्याच्या कानात नाव सांगायचं. वाद्याला कान कुठे असतो यावर पूर्वी बरीच भांडणं झालेली. शेवटी आवाज जिथून निघतो तोच कान, असं ठरलं. बेंजोचा कान म्हणजे वायर खुपसायचं भोक. नाव एकदाच सांगायचं, नंतर बदलायचं नाही. दादाच्या ढोलकीचं नाव कलावती. दिपेशच्या कीबोर्डचं कृतिका. त्याच्या क्लासमधल्या खऱ्या कृतिकाचं लग्न होऊन ती पनवेलला गेली, कीबोर्ड राहिला.

सुमितने आपल्या नव्या बेंजोसाठी ठरवलेलं नाव होतं वैशाली.

"कोण ही वैशाली?" बायकोने, हेमांगीने विचारलं.

"कोणीच नाही. म्हणून तर ठेवलं."

"कोणीच नाही असं पुरुष कधी म्हणतात ते मला माहितीय," असं म्हणून तिने कांदा जरा जास्तच बारीक चिरला.

बारशाला खोपटहून जाईबाई आत्या आली. नवी इरकल, हातात पेढ्यांचा पुडा. मागे पोरांनी ताशा धरलेला, आणि त्या गदारोळात आत्या पाळण्यावर वाकली. वाकली ती वाकलीच. वर आली तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं.

"वैशाली एवढं लांब नाव आहे का रे?" दिपेश म्हणाला.

तेव्हा सगळे हसले. सुमितही हसला. पण ही गोष्ट त्याने मनात घडी घालून ठेवली.

महिन्याभरात बेंजो बंद पडायला लागला. आधी उल्हासनगरच्या एका लग्नात, मग डोंबिवलीत, मग शीळफाट्याजवळच्या एका साखरपुड्यात. मस्त चाललेलं गाणं, आणि अचानक आवाज गायब. बटणं दाबावीत, तारा छेडाव्यात, बेंजो ढिम्म. वीसेक मिनिटांनी आपोआप चालू, जणू काही झालंच नाही. स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने तो तीनदा उघडला आणि तीनदा म्हणाला, "तुमच्या हातात प्रॉब्लेम असेल."

सुमितला संशय दिपेशचा. कारण साधं होतं. बेंजो बंद पडला की बेंजोची सगळी लाइन दिपेश कीबोर्डवर काढायचा आणि वर नवरीच्या मामाकडे बघून मान डोलवायचा. सुमितने आपल्या वायरीला नेलपॉलिशची खूण केली. दिपेशच्या खिशात सहज हात घालून बघितला, तर विड्या आणि क्लोरमिंट. मग चुलतभावाला दिपेशचा सलग दोन तास व्हिडिओ काढायला लावला. दिपेशला वाटलं आपण व्हायरल होणार, म्हणून तो दोन तास कॅमेऱ्याकडे बघूनच वाजवत राहिला, बेंजोकडे ढुंकूनही बघितलं नाही. तरी बेंजो बंद पडलाच.

तो व्हिडिओ घरी परत बघताना सुमितला वेळ दिसली. एक दहा. त्याने पार्टीच्या ग्रुपवरचे जुने व्हिडिओ काढले. एक दहा. एक दहा. सकाळच्या ऑर्डरला कधी नाही, संध्याकाळच्या हळदीला कधी नाही. एक दहाला बंद, दीडला चालू.

इथे दिपेश सुटला. दिपेश आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेला नाही. इतका घड्याळी घातपात त्याच्याच्याने होणं शक्यच नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रफुल्लदादाने सुमितला बाजूला घेतलं. "टिटवाळ्याची वरात आहे रविवारी. बाराला निघणार, दोनला हॉलवर. मधे तुझी वैशाली झोपली ना, तर पुढच्या सीझनला तू झांजा घे. बेंजोची लाइन दिपेश काढेल."

बारा वर्षं सुमित बेंजोवर होता. पार्टीत बेंजोवाला ट्रॉलीवर उभा असतो, झांजावाला ट्रॉलीमागे चालतो आणि लोक त्याच्या हातात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या देतात.

रात्रभर विचार करून त्याने संशयाची दिशा बदलली. बेंजोत पार्ट तेच, तारा त्याच, वायर नवी. बाहेरून आत गेलेली एकच गोष्ट होती, ती आत्याने घातलेली.

तो शनिवारी खोपटला गेला. आत्याचं घर एसटी डेपोच्या मागे, गाड्या मागे घेताना वाजणाऱ्या शिट्ट्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. आत्या एकटीच. आतोबांना जाऊन तीन वर्षं झालेली. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता माणूस. भिंतीवर त्यांचा खाकीतला फोटो. फोटोतही ते आरशात मागचं बघितल्यासारखे बघतात.

"आत्या, खरं सांग. बेंजोच्या कानात काय सांगितलंस?"

"नाव सांगितलं."

"वैशाली?"

"भेंडी खातोस ना? केलीय मी."

"आत्या!"

"अरे ओरडतोस काय, पोलिसात आहेस का?"

"वैशाली म्हणालीस की नाही?"

आत्याने घड्याळाकडे बघितलं, उठली, एक ताट वाढलं आणि फोटोसमोर पाट मांडून त्यापुढे ठेवलं. मग सुमितसाठी दुसरं घेतलं. सुमितने घड्याळाकडे बघितलं. एक दहा झाले होते.

त्याला आठवलं. आतोबा एक दहाला डबा उघडायचे. गाडी स्टँडवर असो की घाटात, पॅसेंजर बोंबलोत की कंडक्टर, वीस मिनिटं स्टिअरिंगला हात नाही. सुमितच्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त एक बाराचा होता. भटजींनी अंतरपाट धरला आणि आतोबा मांडवाच्या कोपऱ्यात डबा उघडून बसले. शेवटी कंडक्टर मित्राने येऊन स्टीलच्या पेल्यावर चमच्याने टण टण केलं, तेव्हा कुठे ते उठले. डबल बेलशिवाय हा माणूस हलायचा नाही.

"आत्या," सुमित हळूच म्हणाला, "जे नाव सांगितलंस ते आता मला सांग."

"मला नाही घेता येत ते."

आत्याला घेता येत नाही असं जगात एकच नाव होतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिने ते उखाण्यातसुद्धा घाईघाईत उरकलेलं. दवाखान्याच्या फॉर्मवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तिने सुमितकडे बोट दाखवलेलं, आणि सुमितने लिहिलेलं, मारुती.

"ताशा एवढा जोरात वाजत होता रे," आत्या ताटाकडे बघत म्हणाली. "कोणाला ऐकू जाणार नव्हतं. म्हटलं, एकदा म्हणून तरी बघावं कसं लागतं. आता घरात त्यांचं नाव घेतं कोण? सगळे म्हणतात, गेले ते."

"मग? कसं लागलं?"

"तीनदा म्हटलं," आत्या म्हणाली, आणि इरकलीचा पदर पुन्हा तोंडाला लावला.

रविवारी टिटवाळ्याला वरात बाराला निघाली. एक दहाला बेंजो गप्प झाला. दिपेशची बोटं कीबोर्डवर पुढे सरकली. दादाने ढोलकी न थांबवता सुमितकडे बघितलं आणि ट्रॉलीवर पडलेल्या झांजांकडे हनुवटी केली.

सुमित बेंजो गळ्यात घेऊन ट्रॉलीवरून खाली उतरला, ड्रायव्हर डबा बोनेटवर ठेवतात तसा तो एका उभ्या रिक्षावर ठेवला आणि हात जोडले.

"आतोबा, चुकलं. चारचौघांत वैशाली वैशाली म्हणून हाका मारल्या तुम्हाला. नव्हतं माहीत."

बेंजो गप्प. घोड्याने पाय बदलला. नवरदेव म्हणाला, "भावा, बरा आहेस ना?"

शेजारी करवली पितळेचा करा घेऊन उभी होती. सुमितने गाडीची किल्ली काढली आणि कऱ्यावर दोनदा मारली. टण टण.

बेंजो चालू झाला.

एक चौदा झाले होते. सोळा मिनिटं आधी. पण अर्ध्या जेवणावरून उठवलेल्या ड्रायव्हरचा राग काय असतो ते त्या दिवशी टिटवाळ्याने बघितलं. बेंजो इतका पळायला लागला की ढोलकी त्याच्यामागे, ताशा ढोलकीच्या मागे, आणि नाचणारे नाचणं सोडून नुसते धावायला लागले. दोनला पोचायची वरात एक पंचविसाला हॉलवर पोचली. आतले लोक अजून खुर्च्या पुसत होते. घोडा धापा टाकत होता. नवरदेवाची आजी रिक्षाने मागून आली आणि म्हणाली, "मधे थांबा नव्हता का?"

हे सगळं, वर सांगितल्याप्रमाणे, झालेलं नाही. वायर लूज होती.

पण प्रफुल्लदादा वायरीवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याने सुमितला हॉलच्या मागे नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. "हे बघ, तुझ्या आतोबांबद्दल मला आदर आहे. पण ते अजून एसटीच्या ड्युटीवर आहेत, म्हणून तिकडचीच जेवणाची सुट्टी घेतायत. नाव तर बदलता येत नाही. तू वेळ बदलल्याचं लेखी आण. मग बेंजो तुझा. नाहीतर झांजा."

"कोणाकडून लेखी?"

"ते मला काय माहीत? ज्याच्याकडे त्यांची हजेरी लागायची त्याच्याकडून."

सोमवारी आत्याने अर्ज सांगितला आणि सुमितने लिहिला. नावाच्या जागी आली की आत्या थांबायची, भिंतीकडे बघायची, आणि सुमित ती जागा भरायचा. चहा घेऊन त्याने अर्ज स्वतः नेऊन डेपोच्या खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि आवक शिक्का मारला, कारण शिक्का हातातच होता.

*प्रति, मा. आगार व्यवस्थापक, खोपट.*

*विषय: चालक श्री. मारुती यांना बेंजोवर प्रतिनियुक्तीने पाठवण्याबाबत.*

*महोदय, उपरोक्त चालक हे तीन वर्षांपूर्वी मयत असून सध्या आमच्या पार्टीत बेंजो म्हणून कार्यरत आहेत. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही, वेग चांगला आहे. तथापि ते आपल्याकडील दु. १.१० ते १.३० ही भोजनाची वेळ अद्याप पाळत असल्याने वराती खोळंबतात व अर्जदाराच्या हाती झांजा येण्याची वेळ आली आहे. तरी सदर वेळ लग्नसराईपुरती दु. ३.०० नंतर करून मिळावी. जेवण त्यांच्या पत्नी डब्यात देतील.*

*चालक आगाराखेरीज कोणाचा आदेश मानत नाहीत, हे आपणास ठाऊक असेलच. सबब आपला आदेश बेंजोच्या कानात सांगण्यासाठी रीतीप्रमाणे आपल्या सख्ख्या आत्यास सोयीच्या दिवशी पाठवावे, ही विनंती. पाळणा व घुगऱ्यांची व्यवस्था आमच्याकडून होईल.*