राहिलेला पावसाळा

"सर, तुमचा प्रबंध विद्यापीठात सापडंना," राजेश्री म्हणाली. "ग्रंथालयात जाऊन लय शोधला. तुमच्याकडं एखादी प्रत असंल ना?"

दिनकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. जिंतूरच्या कॉलेजात त्यांनी हिला जीवशास्त्र शिकवलं होतं. येलदरी धरणावरच्या मच्छीमाराची ही मुलगी आता कोकणातल्या एका खाडीवर पीएच.डी. करत होती. खारफुटीच्या चिखलात कार्बन किती साठतो आणि त्यातून मिथेन वायू किती निघतो, हा तिचा विषय. त्याच खाडीवर, याच विषयावर तरुणपणी दिनकररावांनी काम केलं होतं. म्हणून तर गावी आल्या आल्या ती त्यांच्याकडे आली होती.

"तिथं आता जेट्टी झालीय, सर. निम्मी खाडी भरावाखाली गेली. आधी किती मिथेन निघत होता, कुणालाच माहीत न्हाई. तुमचे आकडे मिळाले तर तुलना करता येईल."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी कस्तुराबाई उभ्या होत्या. दिनकररावांनी एकदा तिकडे पाहिलं.

"प्रबंध न्हाईच, राजेश्री. मी तो विद्यापीठाला कधी दिलाच न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिखलावर पालथा डबा ठेवायचा, आत साचलेला वायू बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यायचा, असं ते काम. हिवाळा झाला, उन्हाळा झाला. राहिला होता पावसाळा, आणि तोच महत्त्वाचा. गोडं पाणी खाडीत उतरलं की खारटपणा कमी होतो आणि मिथेन वाढतो. नेमका तेव्हाच गावाकडून निरोप आला, कस्तुराबाईंचं बाळंतपण अडलंय. ते परभणीच्या दवाखान्यात पोचले तोवर बाळ गेलं होतं. कस्तुराबाई कशाबशा वाचल्या. मार्गदर्शकांनी कळवलं, पावसाळ्याचे आकडे अंदाजाने भरून टाका. ते दिनकररावांच्या मनाला पटलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मोजून आणतो, म्हणाले.

दरम्यान जिंतूरला नोकरी लागली. पहिल्याच सभेत प्राचार्यांनी 'आमचे नवे डॉक्टर' अशी ओळख करून दिली. वर्षभरात पदवी मिळणारच आहे, मग कशाला बोला, म्हणून ते गप्प बसले. तेव्हापासून ते जिंतूरचे डॉक्टर झाले.

राजेश्री खाली बघत राहिली. तीही त्यांना कितीदा डॉक्टर म्हणाली होती.

"माझ्या दुखण्यापायी राह्यलं बाई त्यांचं," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "न्हाईतर कवाच झालं असतं."

"तुझ्यापायी न्हाई," दिनकरराव म्हणाले. "पुढच्या पावसाळ्यात तू बरी होतीस. मला भाकरी बांधून दिली होतीस. मी स्टँडवरून परत आलो."

"मला एकटीला सोडवंना म्हणून आले न्हवं?"

"ते मी सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. लोकं डॉक्टर म्हणायला लागली होती. आता परत चिखलात कशाला उतरायचं, असं वाटलं."

कस्तुराबाई वळल्या. आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

राजेश्रीनं वही काढली. "सर, पावसाळा नसला तरी चालंल. हिवाळ्याचे, उन्हाळ्याचे तेवढेच द्या. भराव पडायच्या आधीचे आकडे दुसऱ्या कुणीच घेतलेले न्हाईत. अर्धे असले तरी..."

"घर बदललं तेव्हा रद्दीत दिले," दिनकरराव म्हणाले. "ते गठ्ठे माझ्यानं बघवत नव्हते. अर्ध्या कामाचा कुणाला उपयोग होईल, हे तेव्हा सुचलंच न्हाई."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आठवतंय तेवढं सांगा, सर."

ते सांगू लागले. ओहोटीला चिखलातून बुडबुडे कसे फुटायचे, कुजक्या अंड्यासारखा वास कपड्यांतून जायचा नाही, खारफुटीच्या मुळांतून खेकडे कसे पळायचे. आकडा मात्र एकही आठवेना. राजेश्रीनं थोडा वेळ लिहून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं. प्रबंधात घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. दिनकररावांच्या ते लक्षात आलं. त्यांचा आवाज खाली गेला. पण ती उठली नाही, ऐकत बसली.

कस्तुराबाई बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या खाडीबद्दल आजवर कधी विचारलंही नव्हतं.

"केवढी होती ओ ती खाडी?"

दिनकरराव थांबले.

"येलदरीचं धरण बघितलंस ना? तेवढी मोठी न्हाई. पण पाणी दिवसातून दोनदा आत यायचं, आन् दोनदा परत जायचं."

"परत कुटं जायचं?"

दिनकररावांनी खुर्ची जरा कस्तुराबाईंकडे वळवली आणि त्यांना सांगायला लागले.