बिनखिडकीच्या खोलीतले टोमॅटो

धाकट्या सुनेला रंगाची नजर होती. दातांच्या लॅबमध्ये ती नकली दात घडवायची, आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळला नाही की डॉक्टर दात परत पाठवायचे. पांढऱ्याच्या सोळा छटा तिला डोळे मिटून सांगता आल्या असत्या. त्यामुळे सासूबाईंच्या टोमॅटोचा हिरवा रंग दोन छटा गडद झालाय, हे तिला झाडं तिच्या हाती आल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसलं. फक्त त्याचा अर्थ तिने उलटा लावला. झाड खूश आहे, असं तिला वाटलं.

घर तीन मजली होतं. तळाला थोरला मुलगा आणि थोरली सून, वरती धाकटी जोडी आणि मधल्या मजल्यावर सासूबाई एकट्या. त्यांच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या खोलीत साखळ्यांना दिवे टांगले आणि खाली बारा कुंड्या मांडल्या: टोमॅटो, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी. दिवे घड्याळावर आपोआप लागत आणि विझत. बाहेर आभाळ कसंही असो, त्या खोलीत रोज चौदा तास लख्ख ऊन पडलेलं असायचं.

मग एका संध्याकाळी सासूबाई जिन्यात पडल्या. तिथला दिवा दहा दिवस बंद होता. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पाच-सहा आठवडे फिजिओथेरपीच्या केंद्रात राहायला सांगितलं. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर दोघी जावांची जुंपली. थोरली म्हणाली, "येता-जाता तूच तो जिना वापरतेस. एक बल्ब लावायला काय झालं होतं?" धाकटी म्हणाली, "खालचा जिना तुमच्याकडे येतो, ताई." शब्दाने शब्द वाढला आणि मग एकदम थांबला. त्या दिवसापासून अबोला. दोघे भाऊ मूग गिळून गप्प बसले. बायकांच्या भांडणात तोंड घालायची दोघांचीही छाती नव्हती.

कुंड्यांकडे बघायला सासूबाईंनी धाकटीला सांगितलं होतं. ती रोज पाच वाजता लॅबमधून आली की आधी तिथे जायची, माती बोटाने चाचपायची, लागलं तर पाणी घालायची आणि रविवारी बाटलीतल्या निळ्या पातळ खताचं एक झाकण बादलीभर पाण्यातून द्यायची. सगळं सांगितल्याप्रमाणे. तरी दुसऱ्या आठवड्यात पानांची टोकं खाली वळली, कोंबडीची नखं वळावीत तशी. कडा करपून तपकिरी झाल्या.

"उपाशी आहेत बिचारी," ती नवऱ्याला म्हणाली.

"आईला विचार ना."

"त्यांना तिकडे पाय टेकवताना घाम फुटतोय. त्यात हे कशाला?"

तिने रविवारच्या जोडीला बुधवारही खताचा केला. पानं आणखी वळली. एका ढोबळी मिरचीने तर सगळी फुलं टाकून दिली. खाली मातीवर ती वाळलेली पडली होती. दिवे फार जवळ असतील म्हणून तिने साखळ्या वितभर वर घेतल्या. त्या रोज घसरून खाली आलेल्या दिसायच्या, ती रोज पुन्हा वर घ्यायची. काही फरक नाही. मग मात्र तिची झोप उडाली. सासूबाई परत येतील आणि त्यांना बारा काड्या दाखवायच्या?

तिसऱ्या शनिवारी दुपारी तिने कुंडीपुढे बसून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण चष्मा नाकावर होता.

"आई, तुमची झाडं माझ्या हातून चालली."

"रडू नंतर. आधी खालचं पान दाखव. सगळ्यात जुनं."

धाकटीने फोन खाली नेला.

"आता शेंड्याचं. हं. उलटं कर. मागे किडे नाहीत, जाळी नाही. शिरांच्या मधे पिवळं पडलंय?"

"नाही. उलट फारच हिरवं आहे. काळपट."

"भुकेलं झाड असं दिसत नाही. खायला कमी पडलं की झाड खालच्या पानातलं काढून वर पाठवतं, मग खालची पानं पिवळी पडतात. तुझी पिवळी नाहीत. कुंडी उचल, जड आहे?"

"दगडासारखी."

"किती खत देतेस?"

धाकटीने खालमानेने बुधवारचं सांगून टाकलं.

"ते चुकलंच," सासूबाई म्हणाल्या. "पण तेवढ्याने इतकी दशा व्हायची नाही. मातीच्या जवळ ने फोन. अजून जवळ. ते करडे दाणे कसले?"

मातीच्या वरच्या थरात, पांढऱ्या खारट पापुद्र्याखाली, साबुदाण्याएवढे अर्धवट विरघळलेले दाणे होते. धाकटीला ते रोज दिसत होते. ते मातीतलेच, असं ती धरून चालली होती.

"माझं खत पातळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "दाण्यांचं खत आपल्या घरात एकाच ठिकाणी आहे. खाली, मोठीच्या अंगणातल्या कुंड्यांसाठी. मी तुलाही सांगितलं होतं आणि तिलाही. म्हटलं, एक विसरली तर दुसरी आठवण करून देईल. तुम्ही दोघी बोलत नाही का गं?"

टोमॅटोच्या पानांनी धाकटीची चहाडी केली होती.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. ना रागावल्या, ना उपदेश केला. "झाडांना अजीर्ण झालंय. एकेक कुंडी न्हाणीघरात ने. वरून साधं पाणी सोड, खालून निथळू दे, पुन्हा सोड. कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट. ते वरचे दाणे आधी खरवडून काढ. मग पंधरा दिवस खताचं नाव काढायचं नाही. आणि भिजलेली कुंडी एकटीने उचलू नकोस. घरात एक खुबा मोडलाय तेवढा पुरे."

फोन बंद झाला. धाकटी उठून खाली गेली.

थोरली गाडी शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, हा तिचा धंदा. त्यामुळे घरातही तिचं बोलणं हुकमाचं. दार उघडून ती नुसती उभी राहिली.

"ताई, तुम्ही वरच्या कुंड्यांना खत घालता?"

"दर दोन दिवसांनी. सकाळी पहिल्या शिकवणीच्या आधी." थोरलीने हनुवटी वर केली. "आईंनी मला सांगितलंय. तू कुठे फिरकतेस तिकडे!"

"मी रोज फिरकते. पाच वाजता. मीही खत घालते."

थोरलीच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू उतरला. "तरीच. मी म्हणते, माती कायम ओली कशी! आणि दिवे कुणी वर घेतले? मी रोज खाली ओढतेय!"

"मी रोज वर घेतेय."

थोरलीला हसू आलं. ते तिने दाबलं, पण अर्धंच दाबलं गेलं. तिने पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल. बादली तुझी की माझी?"

बारा कुंड्या म्हणजे अख्खी दुपार. एकीने कुंडी तिरकी धरायची, दुसरीने पाणी सोडायचं. आधी खालून चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग फिकट, मग स्वच्छ. थोरली तिच्या सवयीने सूचना देत होती: "हळू. डावीकडे घे. आता थांब." धाकटी निमूटपणे ऐकत होती. तिला त्याचं बरंच वाटत होतं.

सातव्या कुंडीला थोरली अचानक म्हणाली, "बल्ब मी आणला होता."

धाकटीने नळ बंद केला.

"आई पडल्या त्याच्या चार दिवस आधी. आणून टेबलाच्या खणात ठेवला. म्हटलं, उद्या लावू. त्या दिवशी बाकावर तुझ्यावर ओरडले ना, तेव्हा खण डोळ्यासमोर दिसत होता."

"मी रोज मोबाईलचा उजेड पाडून उतरायचे," धाकटी म्हणाली. "मला दिसायचं. आईंना मोबाईलवरचा दिवा लावता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी सुचलं नाही."

कुंडीतून पाणी निथळत राहिलं. शेवटी थोरली ओल्या हाताने तिच्या कोपराला धरून म्हणाली, "उचल. कंबर जपून, गुडघ्यात वाक."

करपलेली पानं काही परत हिरवी झाली नाहीत. "त्यांच्याकडे बघूच नका," सासूबाईंनी फोनवर बजावलं, "शेंड्याकडे बघा." मग दोघी रोज शेंड्याकडे बघायला लागल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. दारामागे एक वही टांगली आणि कुणी काय केलं ते तिच्यात लिहायचं ठरलं. थोरलीच्या नोंदी तिच्या बोलण्यासारख्याच होत्या: 'पाणी नको. माती ओली. हात लावू नये.' एक ढोबळी मिरची गेली. स्ट्रॉबेरीने त्या खेपेला फळ धरलं नाही. पण दहाव्या दिवशी टोमॅटोला एक पान आलं, सपाट, टोक सरळ. धाकटीने त्याचा रंग नीट न्याहाळला आणि वहीत लिहिलं, 'बरोबर हिरवा.'

सहाव्या आठवड्यात सासूबाई वॉकर टेकत घरी आल्या. कपडे बदलायच्या आधी त्या मागच्या खोलीत गेल्या. स्टुलावर बसून त्यांनी बाराही कुंड्या, म्हणजे आता अकरा, नजरेखालून घातल्या. दोघी सुना परीक्षेचा निकाल लागावा तशा दारात उभ्या.

"फुलं आलीत," त्या म्हणाल्या. "पण इथे ना वारा, ना मधमाशी. फळ धरायचं तर कुणीतरी फूल हलवायला हवं. असं." त्यांनी एका देठावर बोटाने टिचकी मारली. पिवळी धूळ दिव्याच्या उजेडात तरंगली.

थोरलीने पुढे होऊन टिचकी मारली. अख्खं झाड हादरलं.

"अगं, क्लच नाही तो!" सासूबाई ओरडल्या. धाकटी इतकी हसली की तिला दाराला टेकावं लागलं. थोरलीही हसली. मग तिने दात घडवणाऱ्या जावेकडून शिकून घेतलं, किती हलक्या हाताने मारायची ते.

आठवड्याभराने दुसऱ्या कुंडीत वाटाण्याएवढा हिरवा टोमॅटो धरला. ते फूल आपणच हलवलं, असं दोघींचं म्हणणं होतं. वहीत बघायला गेल्या, तर त्या दिवशी दोघीही नोंद करायला विसरल्या होत्या. वाद संध्याकाळपर्यंत चालला, आणि आतल्या खोलीत सासूबाई पाय लांब करून तो मजेत ऐकत पडल्या.