जिवंत माणसाचे मरणगाणे

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, माझ्यातून जे वाजते ते माझे नसते, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. सेगू शहरात माझ्यावर आळ घेणारी दोन-तीन माणसे अजून जिवंत आहेत.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते आबिजानहून येणाऱ्या बसच्या टपावर, कोंबड्यांच्या डालग्या आणि कोलाफळांची पोती यांच्या मधोमध. टपावरून उतरलो तो थेट फुसेनी त्राओरेच्या टपरीत. फुसेनी बाजारात कॅसेटी विकायचा. माझी मूठ तुटली तेव्हा त्याने तार बांधली, आतला पट्टा सैल पडला तेव्हा सायकलच्या ट्यूबची गोल चकती कापून बसवली. पण माझे डोके मात्र तो रोज कापसाने पुसायचा. बायकोलाही आपण इतके जपले नाही, असे म्हणायचा. आणि बायको म्हणायची, तो सांगितल्यावर गप्प बसतो, मी कुठे बसते!

आमच्या बाजारात न ऐकता कॅसेट कोणी घेत नाही. गिऱ्हाईक बाकावर बसते, चहाचा पहिला पेला घेते आणि म्हणते, "लाव." जाणते गिऱ्हाईक कॅसेट शेवटाकडून ऐकते, कारण चोरट्या नकला करणारे शेवटचे गाणे अर्ध्यातच तोडतात. शेवट धड असला की सगळे धड. किती लग्नांची, किती बारशांची गाणी माझ्यापुढे बसून ठरली असतील! "फुसेनीचा रेकॉर्डर खोटं बोलत नाही," असे लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे. अजूनही वाटते, उगाच कशाला लपवू?

त्या काळात कारिबा दुंबिया हे नाव घरोघरी होते. कारिबा शिकाऱ्यांचा गायक. हातात सहा तारांचे वाद्य, अंगात चिखलाने रंगवलेला तपकिरी सदरा, आणि आवाज असा की विहिरीवरच्या बायका दोर हातात धरून उभ्या राहत. तो गेला आणि वर्षभरात बामाकोच्या एका कंपनीने त्याची सगळी गाणी एका लाकडी पेटीत घालून बाजारात आणली. दहा कॅसेटी, झाकणावर कारिबाचे चित्र. पहिल्या नऊ कॅसेटी लोकांच्या ओळखीच्या होत्या. दहावीवर लिहिले होते, "कधीही न ऐकलेली गाणी".

पेटी टपरीत आली आणि बाकावर रोज भांडणे सुरू झाली. कोणी म्हणे, नऊ कॅसेटी तर आपल्या घरात आहेतच, एकीसाठी पेटी कोण घेणार? कोणी म्हणे, माणूस आयुष्यभर गायला, त्याचे आयुष्य तुकड्यातुकड्यांत का घ्यायचे? पेटी मात्र कोणीच घेईना. वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला होता. भरदुपारी सूर्य पांढुरका दिसे आणि पेटीच्या झाकणावर धूळ साचे. फुसेनी दिवसातून चारदा ती पुसायचा. पुसली की कारिबाचे डोळे उघडल्यासारखे वाटायचे, आणि खरे सांगतो, मला ते आवडत नसे.

एके दिवशी सितान आली. सितान कुलिबाली चिखलाने कापड रंगवायची. तिच्या नखांतला काळा रंग कधीच जात नसे. तिला पाहताच फुसेनी ओरडला, कारण त्राओरे आणि कुलिबाली या कुळांत एकमेकांची टर उडवण्याचे पिढीजात नातेच आहे, आणि ती न उडवणे हाच अपमान.

"आली! चवळीखाऊंची लेक आली! वारा तुझ्यामागून येतोय की तुझ्या पोटातून?"

"त्राओरेकाका, तुमच्या टपरीत उंदीर उपाशी मरतात म्हणे. थोडी चवळी पाठवू?"

पण तिचे हसू लगेच ओसरले. तिचे वडील झान पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळले होते. एके काळचा नामांकित शिकारी, पण आता दोन घासांवर तिसरा जात नव्हता. आठवडाभर तो एकच म्हणत होता, मला कारिबा आणून दे, सगळा.

"घ्यावी का हो काका? खरं सांगा. बाबांसाठी म्हणून फसवू नका."

"मी कशाला सांगू? हा सांगेल," असे म्हणून फुसेनीने मला थोपटले आणि दहावी कॅसेट माझ्यात घातली. रिवाजाप्रमाणे फीत शेवटाकडे नेली आणि शेवटचे गाणे लावले.

वाद्याच्या तारा संथ वाजल्या. मग कारिबाचा तरुण आवाज आला, "झान कुलिबाली, तुझी बंदूक आज मातीकडे तोंड करून आहे…"

बाकाच्या टोकाला मोरिबा बसला होता. मोरिबा हा शिकाऱ्यांच्या मंडळीतला सर्वांत म्हातारा. तो उठला आणि त्याने माझे बटण इतक्या जोरात दाबले की त्याचा कोपरा मोडला.

"बंद कर! कुठून आलं हे? हे तर जाळलं होतं!"

"मोरिबा आजोबा, यात बाबांचं नाव आहे," सितान म्हणाली.

मोरिबा खाली बसला. त्याने सांगितले ते सितानला अर्धेच माहीत होते. ती तान्ही असताना झान रानात गेला तो परतला नाही. त्याचा रक्ताळलेला सदरा सापडला. शिकाऱ्यांनी वाट पाहिली आणि शेवटी चव्हाट्यावर त्याचे दिवस घातले. कारिबाने मरणगाणे म्हटले. हे गाणे शिकाऱ्यासाठी एकदाच म्हणतात, तो गेल्यावर. त्यातली वाट ऐकत त्याचा जीव पलीकडे जातो. रेडिओचा एक माणूस यंत्र घेऊन तिथे बसला होता. आणि पुढच्या पावसाळ्यात झान चालत गावात आला. बंदूक बाळगली म्हणून सीमेपलीकडच्या तुरुंगात त्याला कोंबले होते. तोवर त्याची बायको न्येले तापाने गेली होती. शिकाऱ्यांनी रेडिओवाल्याची फीत जाळली, पण तिची नक्कल कुठेतरी राहिली असणार.

"गाणं म्हटलं गेलं, आणि माणूस मिळाला नाही," मोरिबा म्हणाला. "ते गाणं तेव्हापासून उपाशी आहे, पोरी. झानच्या कानावर ते पडता कामा नये. कारिबाने तशी शपथ घेतली होती."

फुसेनीने चिमट्याने निखारा उचलावा तशी दोन बोटांनी कॅसेट बाहेर काढली. मग त्याने तोडगा काढला. सितानकडे टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून नऊ कॅसेटी आणि मी असे तिच्याबरोबर गेलो. आधी ऐकव, मग ठरव, असे ठरले. दहावी टपरीतच राहिली.

झानच्या खोलीत मातीच्या भिंतीला रानरेड्याची शिंगे टांगलेली होती. पहिली कॅसेट लागली तेव्हा म्हाताऱ्याने डोळे मिटून मान डोलावली. तिसरीला त्याने घोटभर पेज घेतली. सितानचा चेहरा उजळला. मलाही वाटले, आपण या घराचे भले करतो आहोत. नववी संपली आणि झानने हात पुढे केला.

"दहावी?"

"बाबा, एवढ्याच आहेत."

"मला चवळीची टरफलं नको दाखवूस. रेडिओवर सांगितलं मी ऐकलंय. कधी न ऐकलेली गाणी म्हणे. कारिबाचं न ऐकलेलं गाणं एकच. माझं."

सितान रडू लागली. "आजोबा म्हणतात, ते वाजलं तर तुम्ही…"

"मी काय कोंबडीचं पिल्लू आहे, घारीची सावली पडली की मरायला?" झान खोकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "गाण्याशी मला काही देणंघेणं नाही. कारिबाने मला एकदा सांगितलं होतं. गाणं संपलं तरी ते यंत्र चालूच होतं, आणि तुझी आई पुढे आली. ती काहीतरी बोलली. काय बोलली, हे कारिबा सांगेना. कोणीच सांगत नाही. तू तिच्या पाठीवर होतीस."

सितान रडायची थांबली. मित्रांनो, त्या पोरीला आईचा आवाज आठवतच नव्हता. आईचा फोटोही घरात नव्हता. आता तिला कळले की तो आवाज बाजारात, एका टपरीत, धुळीने भरलेल्या पेटीत पडला आहे, आणि तो ऐकायचा तर आधी ते गाणे वाजलेच पाहिजे, कारण ते संपले कुठे हे वाजवल्याशिवाय कोणाला कळणार, आणि झान तर मला उशापासून हलवू देत नव्हता. तिने दोन दिवस कापडाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती टपरीत गेली आणि पेटी विकत घेऊन आली. बरोबर फुसेनी होता, आणि मागून काठी टेकत मोरिबा.

उपाय फुसेनीने सुचवला होता. आमच्याकडे मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातला माणूस येतो, तिरडीपुढे आडवा पडतो, मेलेल्याची टर उडवतो. ते त्याचे कामच. "मी गाण्यावर बोलत राहीन," तो म्हणाला. "त्राओरे हसत असला की मरणालाही वाटतं, इथे खरं मयत नाही."

"म्हातारी माणसं असं म्हणत खरी," मोरिबा पुटपुटला, पण तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

सितानने बटण दाबले. खिडकीबाहेर सगळे धुळीने पिवळे झाले होते. तारा वाजल्या.

"झान कुलिबाली, तुझी बंदूक आज…"

"बंदूक कसली! चवळी ढवळायचा डाव तो!" फुसेनी गरजला. "याने सिंह मारला म्हणे! सिंह याचा वास घेऊनच मेला!"

झान हसला. खरोखर हसला. गाणे पुढे जात राहिले. नदी ओलांडली, वारूळ ओलांडले, एकेक वाट उघडत गेले आणि फुसेनी एकेका वाटेवर धोंडा टाकत गेला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. गंमत करताना माणसाचा चेहरा इतका भेदरलेला मी कधी पाहिला नाही. मी माझ्याकडून चाके जड करून पाहिली. पण सेल नवे होते, आणि माझे काम वाजवणे.

तारा थांबल्या. फितीवर फक्त वारा आणि माणसांची कुजबुज राहिली. मग एक तान्हे मूल किरकिरले, आणि कोणी बाई बोलू लागली, अगदी हळू.

"आणि बायको बिचारी म्हणते, सुटले बाई चवळीतून!" फुसेनी ओरडत राहिला. त्याच्या ओरडण्याखाली तो आवाज बुडाला.

"त्राओऱ्या, गप," झान म्हणाला.

फुसेनी गप बसेना. तो सितानकडे पाहून ओरडतच होता. सांग, थांबू का, असे त्याचे डोळे विचारत होते. सितानने वडिलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"काका, गप्प बसा."

फुसेनीने तोंडावर हात दाबला. आणि न्येलेचा आवाज त्या खोलीत आला. ती रडत नव्हती. रोज संध्याकाळी बोलावी तशी, थोडी वैतागून बोलत होती.

"झान, घाटा निवत चाललाय रे. किती वेळ झाकून ठेवू? पोरगी झोपत नाही. ये ना आता."

"आलो गं," झान म्हणाला.

एवढेच. पुढे फीत थोडा वेळ नुसतीच फिरली. मग ती संपली आणि माझे मोडके बटण खाडकन वर आले. खोलीत तिघे होते. दचकले दोघेच.

झानला नेताना फुसेनी तिरडीपुढे आडवा पडला. "माझी चवळी परत केल्याशिवाय याला जाऊ देणार नाही," असे त्याने म्हणायचे होते. तो म्हणाला, पण त्याला हुंदका आवरेना, आणि लोकांना हसावे की काय करावे कळेना. मोरिबा म्हणाला, गाणे अखेर जेवले. दवाखान्यातली बाई म्हणाली, काळीज केव्हाच थकले होते. बाजारात महिनाभर एकच प्रश्न होता, ती पेटी घेण्यासारखी होती का? सितानला विचारायचा धीर कोणाला झाला नाही. फुसेनीने मात्र पुन्हा तसली पेटी टपरीत ठेवली नाही, आणि मलाही परत नेले नाही.

आज मी सितानच्या फळीवर आहे. बाजारात आता कॅसेटी नाहीत, माझ्यासाठी पट्टा कापणारे कोणी नाही, माझ्या जाळीत पाल अंडी घालते. पेटी माझ्या शेजारी आहे. सितान दोघांनाही पुसते, पण बटण दाबत नाही. पट्टा सैल झाला आहे आणि फीत एकदा अडकली की तुटेल, हे तिला माहीत आहे. तिची मुलगी विचारते, "आजीचा आवाज कसा होता गं?" तेव्हा सितान हातातले काम टाकून सांगू लागते आणि मध्येच थांबते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची निगा राखा, असे मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, हा स्वतःपुरतेच बघतो. राखा, पण त्यावर विसंबू नका. आम्हाला वाजवत असताना टिपता येत नाही. न्येलेचे बोलणे माझ्या शेजारी पेटीत आहे. झानचे "आलो गं" कुठल्याच फितीवर नाही. ते टिपायला त्या खोलीत माणसांचे कान होते तेवढेच. म्हणून आपल्या माणसांचा आवाज ती समोर आहेत तोवर ऐकून घ्या, आणि घरातून कोणी हाक मारली, तर ताट निवायच्या आत ओ द्या.